नसलेली कावीळ

क्षिप्राला कावीळ झालेली नव्हती, हे घरातल्या चौघांना पक्कं ठाऊक होतं. उरलेल्या श्रीवर्धन गावाच्या मते मात्र ती झाली होती, जोरात झाली होती, आणि आता पथ्यपाण्याने उतरणीला लागली होती.

खोटं एकदा घरात घेतलं की त्याला पाहुण्यासारखं खाऊपिऊ घालावं लागतं. शेजारच्या आवडाबाई गेले दोन महिने रोज तांब्याभर उसाचा रस आणून देत होत्या. वरच्या आळीतून भुईआवळा आला. मागच्या बुधवारी तर खुद्द सदू कावीळवाला न बोलावता दारात येऊन उभा राहिला. त्याला नको म्हणायचं म्हणजे कावीळ नाही असं कबूल करायचं. तेव्हा क्षिप्राला ओटीवर बसवलं. सदूने तिच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवले, हातांवर कसलासा पाला चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळंधमक झालं.

"लय होती," सदू म्हणाला. "निम्मी उतरली. आजून दोन बुधवार यावं लागंल."

क्षिप्राच्या आईला, वृंदाला, त्या पाण्याकडे बघून हसू आलं, आणि हसता हसता ती आत जाऊन रडली. नसलेलं दुखणं निम्मं उतरलं होतं आणि असलेल्याला अजून कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने कुणालाही न सांगता क्षिप्राच्या कॉलेजातल्या समुपदेशक बाईंना फोन केला, त्यांच्याकडून एक नंबर घेतला, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता चहाचे कप ठेवता ठेवता घरच्यांना सांगून टाकलं.

"दहा वाजता माणगावहून एक नर्स येतायत. क्षिप्रासाठी."

सलिलने कप उचललाच नाही. "कसली नर्स?"

"तरुण मुलांना पहिल्यांदाच असं काही झालं, आवाज ऐकू यायला लागले, संशय यायला लागले, की लगेच मदत करणारं पथक आहे. घरी येतात."

"असं काही म्हणजे? तू नाव सांगितलंस आपलं? गाव सांगितलंस?"

"पत्ता सांगितल्याशिवाय घरी कशा येतील, अहो?"

सलिल तहसील कचेरीत कारकून होता, चोवीस वर्षं. माणूस मरतो, जमीन विकली जाते, पण रजिस्टरात एकदा चढलेलं नाव उतरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मुलगी वीस वर्षांची. पनवेलला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजला कावीळ कळवली होती, ती त्यानेच, छापील अर्ज भरून. उद्या कुठल्याशा फाइलीत वेगळंच दुखणं लिहिलं गेलं तर ती फाइल तिच्या आधी तिच्या सासरी पोचेल, असं त्याला वाटत होतं. तो वाईट बाप नव्हता. तो घाबरलेला बाप होता, आणि घाबरलेला माणूस कपाटं बंद करत सुटतो.

"फाल्गुनात सोनलचा साखरपुडा आहे," तो म्हणाला. सोनल त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. "तोवर थांबू. काय आत्या?"

गोदूआत्या ओटीवर सूप घेऊन वाळलेली सुपारी निवडत बसल्या होत्या. वय बाहत्तर, जीभ बावीस. दिवेआगरचं सासर सुटल्यापासून त्या भावाकडेच असत आणि एरवी कुठल्याही बाबतीत मत द्यायला त्यांना विचारावं लागत नसे. आज त्या सुपारीच निवडत राहिल्या.

"आत्या, मी काय विचारतोय?"

"ऐकलं. येऊ दे तर खरी ती बाई. कशी दिसते ते बघू."

इतक्यात मागल्या दाराने बापू आले. सलिलचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर ओला पंचा, दोन्ही हात पाठीमागे. त्यांच्यामागून मोरू गडी दोन रिकाम्या कळशा घेऊन आला.

"बापू, आज किती झाल्या?" वृंदाने विचारलं.

"झाल्या थोड्या."

"थोड्या व्हय?" मोरू म्हणाला. "चाळीस पोफळींना घातलं. अडीचशे हायत. वैनी, बोलू नये, पन कावीळ पोरीला न्हाय, वाडीला झालीया. झावळ्या बगा जरा."

बापूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कळशा ठेवून निघूनच गेला.

गोष्ट अशी होती. कार्तिकात एका सकाळी वाडीतला पंप चालू असताना क्षिप्रा विहिरीपाशी धावत गेली होती. "बंद करा! बापू, बंद करा! त्या यातून बोलतायत!" बापूंनी एक शब्द न विचारता खटका पाडला. तो परत वर केला नाही. गावाला सांगितलं, मोटार जळली. चुलतभावाने आपली जादा मोटार देऊ केली तर म्हणाले, वायरिंगच गेलंय. आणि तेव्हापासून रोज पहाटे मोरूला घेऊन रहाटाने पाणी ओढायचे आणि कळशी कळशीने आळ्यांत घालायचे. पोफळीला पाणी कमी पडलं की ती आधी बारकी सुपारी टाकते, मग झावळी पिवळी करते. बापूंनी पन्नास वर्षं वाडी केली होती. आपण काय मारतोय ते त्यांना दिसत होतं. नात आणि वाडी एका पारड्यात बसत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

---

नर्स प्रणाली दहाला दहा मिनिटं कमी असताना स्कूटरवरून आली. तिशीची, सावळी, खांद्याला कापडी पिशवी. चपला काढल्या, पाणी मागून घेतलं आणि खुर्ची सोडून गोदूआत्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"आजी, ही न फोडता कशी कळते? आतनं चांगली हाय का किडकी?"

"हातात घेऊन वाजवायची. पोकळ वाजली की बाजूला."

प्रणालीने दोन वाजवून बघितल्या, एक बाजूला टाकली. गोदूआत्यांनी ती उचलून परत सुपात घातली. "ही चांगली आहे."

"बघा, कळलं न्हाय मला. आमच्याकडं भात. गोरेगावच्या आत गाव हाय आमचं."

सलिलला हा वेळकाढूपणा वाटला. "तुम्ही डॉक्टर का?"

"न्हाय सर, नर्स. डॉक्टर मॅडम सोमवारी माणगावला बसतात. मी आधी घरी येते, ओळख करून घेते."

"आणि हे सगळं लिहिणार कुठे? कोणाकोणाकडे जाणार?"

"आमच्या फाइलीत. फाइल कपाटात. चावी मॅडमकडं एक आन् माझ्याकडं एक. कॉलेजला, गावात, नातेवाइकांत, तिच्या परवानगीशिवाय एक चिठ्ठी जात न्हाय." ती त्याच्याकडे बघून हसली. "तुम्ही सरकारी नोकरीत ना? ह्यो प्रश्न कचेरीतली माणसंच पहिला विचारतात."

सलिलला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

प्रणालीने पिशवीतून एक फॉर्म काढला. "कधीपासून वाटतंय तिला वेगळं?"

"पंधरा दिवस," सलिल म्हणाला.

"दोन महिने," वृंदा म्हणाली.

"दिवाळीच्या आधीपासून," गोदूआत्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "चकली हातात घेऊन विचारत होती, पीठ कुणी मळलं. तीनदा विचारलंन. मीच मळलं म्हटल्यावर चकली ठेवून दिली. माझी चकली आजवर कुणी ठेवली नव्हती."

प्रणालीने तिन्ही उत्तरं लिहिली. बापूंना विचारलं तर ते म्हणाले, "लक्षात नाही."

"तारखेला एवढं काय महत्त्व?" सलिल.

"हाय सर. असलं पहिल्यांदा होतं तेव्हा लवकर हात घातला तर पुष्कळ पोरं परत कॉलेजात जातात, कामाला लागतात. सगळी म्हणून न्हाय सांगत, खोटं कशाला बोलू. पन जेवढं थांबाल तेवढी परतीची वाट लांब. गोळी द्यायची का, कुठली, ते मॅडम तिच्याशी बोलून ठरवतील. रक्त तपासतील, कधी दुसरंच काही निघतं. कॉलेजच्या अभ्यासाचं बघायला आमच्यात एक सर हायत. घरच्यांसाठी बैठका असतात. दोन वर्षं आम्ही पाठ सोडत न्हाय."

"दोन वर्षं!"

"पदवीला पाच लागतात ना सर?"

वृंदाने तोंडावर पदर धरला. हसू होतं. त्या घरात कार्तिकापासून कुणी मोकळं हसलं नव्हतं.

मग प्रणालीने विचारलं, क्षिप्रासाठी घरात काय काय बदललंत? आणि एकेक बाहेर यायला लागलं. वृंदा प्रत्येक जेवणाआधी क्षिप्राच्या ताटातला घास स्वतः खाऊन दाखवत होती. सलिलने टीव्हीची वायर काढून ठेवली होती आणि कुणी विचारलं तर रिचार्ज संपला म्हणायचा. गोदूआत्या तिच्या खोलीबाहेर झोपत होत्या, सबब उकाड्याची, पौष महिन्यात. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानेच काहीतरी उचललंय. आता ते सगळे एकमेकांकडे चोरून बघायला लागले.

"आणि बापूंनी पंप बंद केलाय," वृंदा शेवटी म्हणाली. "अडीच महिने हाताने पाणी ओढतात. हात दाखवा, बापू."

"काही नको."

"दाखवा."

बापूंनी हात पुढे केले. तळव्यांवरचे फोड फुटून त्यावर नवे आले होते. सलिलने ते आज पहिल्यांदा पाहिले. त्याला वाटत होतं, मोटार खरंच जळलीय.

"क्षिप्राशी बोलू?" प्रणालीने हळू विचारलं. "तिला चालत असंल तर."

"चालेल," क्षिप्रा म्हणाली. ती मघापासून माजघराच्या दारामागेच उभी होती.

---

ही बाई उंबऱ्यापाशी सरकून बसली आणि तिने क्षिप्राला आत-बाहेर कुठेही बसायची मोकळीक ठेवली, हे क्षिप्राने पाहिलं. तिच्या कानांतल्या त्या तिघींनीही पाहिलं. 'आता ती बसतेय,' एक म्हणाली. 'बसू दे, कळेल तिला,' दुसरी.

"मी विचारलेलं नको वाटलं तर नको म्हन," प्रणाली म्हणाली. "आवाज येतात ते किती जणांचे?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आई विचारायची, बरं वाटतंय का. बाबा विचारायचे, अभ्यास करतेस ना. ही तर नव्या गावाची माहिती काढावी तशी विचारत होती.

"तिघींचे."

"वळखीच्या?"

"एक आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डनसारखी. दोघी नाहीत."

"तुझ्याशी बोलतात, का तुझ्याबद्दल?"

क्षिप्राने चमकून वर पाहिलं. "माझ्याबद्दल. मी काय करते ते सांगत बसतात. आता उठली, आता पाणी प्यायली. नावं ठेवतात."

"तुला स्वतःला काही करून घ्यायला सांगतात? दुसऱ्या कुणाला?"

"नाही." तिने नीट विचार करून परत सांगितलं. "नाही."

"सांगितलं तर लगेच आईला सांगायचं, हां. आन् पंप बंद केल्यापासून कमी झाल्या?"

 बापू खांबाला धरून उभे होते. क्षिप्रा त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

"वाढल्या," ती म्हणाली.

"वाढल्या?"

"पंप चालू असला की त्याच्या घरघरीत त्या जरा दबतात. मला आधी वाटलं पंपातूनच येतात. बंद झाला तरी येतच राहिल्या, तेव्हा कळलं, तिथे नाहीत. शांत असलं की जास्त ऐकू येतात."

"अगो, मग सांगितलं का नाहीस?" बापूंचा आवाज फुटला. "अडीच महिने, क्षिप्रा!"

"तुम्ही एवढं करत होतात. रोज पहाटे रहाट करकरायचा. मला वाटायचं, आता कसं सांगू." मग तिने ओटीवरच्या सगळ्यांकडे पाहिलं. "आणि तुम्ही विचारलं नाहीत. कुणीच विचारलं नाही. मी बोलायला लागले की सगळे म्हणायचे, विश्रांती घे."

बापू खाली बसले. वाडी पिवळी पडली, हात फुटले, आणि ज्यासाठी हे केलं ते त्यानेच वाढलं. एका प्रश्नाचं काम होतं. तो प्रश्न विचारायची छाती त्यांना झाली नव्हती.

सलिल घसा साफ करून म्हणाला, "ठीक आहे. जाऊ आपण डॉक्टरकडे. मी नाही म्हणत नाही. पण फाल्गुनानंतर. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, तोवर कावीळ चालू ठेवू."

गोदूआत्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"दिनूलाही कावीळच झाली होती," त्या म्हणाल्या.

"गोदू," बापू म्हणाले.

"आता नाही गप्प बसायची मी, बापू. एका घरात एकच खोटं दोनदा?" त्या सलिलकडे वळल्या. "तुझा दिनानाथकाका. एकवीस वर्षांचा होता. त्याला कावळे कोर्टात बोलवायचे. आम्ही गावात सांगितलं, कावीळ. म्हटलं, दोन महिन्यांत उतरेल. नाही उतरली, तर सांगितलं, मुंबईला गोदीत लागला."

"गोदीतच होता ना काका? त्याची पत्रं यायची मला."

"मी लिहायचो," बापू म्हणाले. "डाव्या हाताने. रेवसच्या लाँचवरून कुणी भाऊच्या धक्क्याला जाणारा भेटला की मुंबईत टाकायला द्यायचो."

सलिलने ती पत्रं अजून जपली होती. तिकिटांसकट, बिस्किटांच्या डब्यात.

"मागच्या सुपारीच्या कोठीत होता," गोदूआत्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. ताट मी न्यायची, तुम्हा पोरांना तिकडे फिरकू देत नसू. आणि अकराव्या वर्षी त्याला खरीच कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. मी म्हटलं डॉक्टर आणा. तर आणायचा कसा? तो तर मुंबईत होता! चार दिवसांत गेला." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "म्हणून मी पहिल्या दिवसापासून हिच्या दाराशी झोपते. मला उकडत नाही."

प्रणालीने एक अक्षरही लिहिलं नाही. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "तेव्हा आम्ही नव्हतो, आजी."

"म्हणून तर म्हणते. आता आहात ना?"

सलिल उठला. वाटलं तो आत जाईल. तो प्रणालीजवळ आला, फॉर्म मागून घेतला, खिशातलं पेन काढलं. 'पंधरा दिवस' यावर त्याने एक आडवी रेघ मारली, वर 'आश्विन, दिवाळीपूर्वी' असं लिहिलं आणि कचेरीतल्या सवयीने खोडलेल्या जागी सही केली.

"तू सांग," तो क्षिप्राला म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं, तरी तो बघत होता. "जायचं का उद्या?"

क्षिप्राच्या कानात तिघी एकदम बोलत होत्या आणि तिला त्यातून वाट काढायची होती.

---

बापू मागल्या दाराने उतरले. खटका अडीच महिने खाली होता, त्यावर कोळ्याने जाळं धरलं होतं. त्यांनी ते पुसलं आणि खटका वर केला. पंप खोकला, घरघरला, आणि पाटातून पाणी धावलं. क्षिप्रा त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. अनवाणी, पाण्यापासून चार हातांवर.

पंपाचा आवाज ऐकून कुंपणापलीकडून आवडाबाई आल्या. हातात रोजचा तांब्या.

"झाली का मोटार दुरुस्त? बरं झालं! आणि आमच्या बाईची कावीळ काय म्हणते?"

बापूंनी क्षिप्राकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"मोटार बिघडली नव्हती, आवडाबाई," बापू म्हणाले. "आणि हिला कावीळही नव्हती. दुसरं दुखणं आहे. त्याचा डॉक्टर माणगावला आहे."

आवडाबाई तांब्या धरून उभ्या राहिल्या. दोन महिन्यांचा रस त्यांच्या चेहऱ्यावरून गेला. मग त्या म्हणाल्या, "अगोबाई. मग आता ह्याचं काय करू?"

"द्या," क्षिप्रा म्हणाली. "मला आवडतो."

तिने तांब्या घेतला, वास घेतला आणि मागे आलेल्या आईपुढे धरला. "आधी तू." वृंदा एक घोट प्यायली. मग क्षिप्राने तांब्या तोंडाला लावला. एका सकाळीत एवढंच झालं, आणि तेवढं पुरे होतं.

आवडाबाई गेल्या. पाणी पहिल्या पोफळीच्या आळ्यात शिरलं, भरून दुसऱ्याकडे वळलं. बापूंनी फुटलेले हात पाण्यात धरले. मग, अठ्ठ्याहत्तर वर्षांत जे भावाला एकदाही विचारलं नव्हतं ते त्यांनी नातीला विचारलं.

"आत्ता काय म्हणतायत गो त्या?"

क्षिप्राने कान दिला.

"म्हणतायत, उद्या जाऊ नको."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिने पाण्याकडे पाहिलं. ते आता चौथ्या आळ्यात पोचलं होतं.

"मी जाईन म्हणते," ती म्हणाली. "गाडीत तुम्ही माझ्या शेजारी बसा. आणि बापू, मध्ये मध्ये असं विचारत राहा."